राणीचा टाका आणि आजीची गोधडी

दोस्तांनो, आज रात्री झोपण्याआधी एक काम करा. तुमची गोधडी उलटी करा आणि दिव्याखाली धरून नीट बघा. ठिगळ कुणाच्या सदऱ्याचं आणि पट्टी कुणाच्या लुगड्याची, ही ओळखपरेड नंतर. आधी टाके बघा. एका बाजूला टाका, मग तेवढीच मोकळी जागा, परत टाका, परत मोकळी जागा. आणि पुढं जिथं मोकळं, तिथं मागच्या बाजूला टाका! सुई खाली गेली, वर आली, खाली गेली, वर आली. यालाच आपण धावदोरा म्हणतो. शिवणातला सगळ्यात सोपा टाका. पहिलीतलं पोरही शिकेल.

माझी आजी आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावच्या पलीकडची. उन्हाळ्यात ओसरीवर गोधडी पसरायची आणि तिच्या चारी बाजूंनी आम्ही पोरं. मी शिवलेलं दाखवायला गेले, की आजी पुढची बाजू बघायचीच नाही. कापड फटकन उलटं करायची. "पुढून काय, कुणीबी चांगलं करतंय. पाठ दाव तिची," म्हणायची. आणि चूक नेमकी पाठीवरच सापडायची, बरं का!

या आजीच्या गोधडीला कडेनं एक वेगळाच टाका असायचा. जाड, वेणी घातल्यासारखा. तो कसा घालतात, हे मी तिला कधी विचारलंच नाही. घरात रोज दिसणारी गोष्ट कोण विचारतं? आजी गेली. गोधडी माझ्याकडे आहे. ती वेणी काही मला येत नव्हती.

ही गोष्ट इथंच ठेवू. आधी जरा लांबची उडी मारून येऊ. पार इंग्लंडात आणि तीही पावणेपाचशे वर्षं मागे.

अकरा वर्षांची भरतकाम करणारी

१५४४ सालची गोष्ट. इंग्लंडची राजकन्या एलिझाबेथ तेव्हा अकरा वर्षांची होती, म्हणजे पाचवी-सहावीतल्या मुलीएवढी. नव्या वर्षाला सावत्र आईला काय भेट द्यावी, असा तिला प्रश्न पडला. (तुम्हालाही पडतो ना?) तिनं एका फ्रेंच पुस्तकाचं इंग्रजीत भाषांतर केलं, स्वतःच्या हातानं लिहून काढलं आणि त्याला भरतकाम केलेलं कापडी वेष्टन घातलं. निळ्या रेशमावर चंदेरी दोऱ्याची नक्षी, मधोमध आईच्या नावाची अक्षरं आणि चारी कोपऱ्यांत फुलं. हे भरतकाम तिनं स्वतःच केलं असं मानतात. ते पुस्तक आजही ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे.

ही मुलगी पुढं १५५८ साली राणी झाली आणि १६०३ पर्यंत तिनं राज्य केलं. त्या वेळी आपलं जुन्नर निजामशाहीत होतं. शिवनेरीवर शिवरायांचा जन्म व्हायला अजून वेळ होता. तो झाला १६३० साली.

एलिझाबेथच्या काळात इंग्लंडमध्ये भरतकामाचं नुसतं वेड होतं. टोप्या, बाह्या, कॉलर, उशांचे अभ्रे, हातमोजे, काही म्हणून कोरं ठेवायचे नाहीत. वेलबुट्टी, गुलाब, किडे, सुरवंट, पक्षी सगळं कापडावर. वाटाण्याच्या शेंगा तर अशा भरायचे, की बोटानं शेंगेचा पडदा उचलला की आत दाणे दिसायचे! त्याची युक्ती ऐका. शर्टाच्या काजाला घालतो तो काजटाका तुम्ही पाहिलाय. त्याची पहिली ओळ कापडात घालायची. दुसऱ्या ओळीत मात्र सुई कापडात घालायचीच नाही, पहिल्या ओळीच्या फासांत घालायची. तिसरी ओळ दुसरीच्या फासांत. झाला पडदा तयार! फक्त कडेला कापडाशी जोडलेला.

आणि मुलग्यांनो, नाक मुरडू नका. पैसे घेऊन भरतकाम करणाऱ्या कारागिरांत तेव्हा पुरुष पुष्कळ होते. लंडनमधल्या भरतकाम करणाऱ्यांच्या संघाला १५६१ साली खुद्द एलिझाबेथनं सनद दिली होती. तेव्हा सुई ही काही मुलींचीच मक्तेदारी नाही.

सुई मात्र फार जपावी लागे. त्या काळात 'गॅमर गर्टन्स नीडल' नावाचं एक विनोदी नाटक गाजलं. त्यात म्हातारीची एकुलती एक सुई हरवते आणि त्यावरून अख्ख्या गावात भांडणं लागतात. शेवटी ती सापडते कुठं? जी चड्डी म्हातारी शिवत होती, तिच्याच बुडाशी! गड्याला कुणीतरी चापट मारतं आणि तो "आई गं" करून उडतो, तेव्हा पत्ता लागतो.

जाऊन परत येणारा धावदोरा

त्या काळी पांढऱ्याशुभ्र तागाच्या कापडावर काळ्या रेशमानं बारीक नक्षी काढायची फार आवड होती. आता अडचण बघा. ही नक्षी बाहीच्या टोकाला, कफावर असायची. हात हलला की कफ उलटायचा आणि कापडाची पाठ दिसायची. पाठीला गाठी, लोंबते दोरे, वेडेवाकडे टाके असतील तर पंचाईतच! म्हणून नक्षी दोन्ही बाजूंनी हुबेहूब सारखी हवी.

हे जमायचं कशानं? आपल्या धावदोऱ्यानं!

धावदोरा घालत पुढं जायचं. टाका, मोकळी जागा, टाका, मोकळी जागा. टोकाला पोचलं की मागं फिरायचं आणि त्याच भोकांतून येत येत सगळ्या मोकळ्या जागा भरून काढायच्या. जाताना जिथं टाका वर होता, तिथं येताना खाली. झाली सलग रेघ, पुढूनही आणि मागूनही. म्हणजे तुमच्या गोधडीतल्या धावदोऱ्याला परत फिरवलं, की तो राणीच्या कफावरचा टाका होतो. आहे की नाही गंमत?

इंग्रजीत याला 'होल्बाइनचा टाका' म्हणतात. हान्स होल्बाइन हा चित्रकार एलिझाबेथच्या वडिलांच्या दरबारात होता. त्यानं राण्यांची आणि सरदारांची चित्रं इतकी बारकाईनं काढली, की बाहीवरच्या नक्षीतला टाका न् टाका दिसावा. बिचाऱ्यानं स्वतः कधी सुई धरली असेल असं वाटत नाही, पण टाक्याला नाव लागलं त्याचं! तो वारला १५४३ साली आणि नाव पडलं त्यानंतर कित्येक वर्षांनी.

आता याहून मोठी गंमत. हाच टाका आपल्या शेजारी, धारवाड-बेळगाव भागात, पिढ्यान्‌पिढ्या घालतात. त्या भरतकामाला कसुती म्हणतात आणि या टाक्याला गवंती. नियमही तेच. कापडावर पेन्सिलीनं काही काढायचं नाही, धागे मोजून भरायचं, गाठ मारायची नाही आणि दोन्ही बाजू सारख्या. आजीकडे किंवा पणजीकडे कसुतीचं इरकली लुगडं असेल, तर पदराजवळ बघा. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन असं काय काय सापडेल. इंग्लंडात पांढऱ्यावर काळं, तर इकडे काळ्या चंद्रकळेवर रंगीत दोरे!

कुणी कुणाचं पाहिलं? मला विचाराल तर हा प्रश्न तितकासा महत्त्वाचा नाही. सुई, दोरा आणि मोजता येणारे धागे हातात असले, की शहाणा माणूस कुठंही याच वाटेवर येतो.

एसटीचा रस्ता धरा

करून बघायचंय? नुसतं वाचून हे कळत नाही. शाळेच्या कार्यानुभवाला वापरतात ते मॅटीचं कापड, बोथट टोकाची सुई आणि काळ्या दोऱ्याची लडी आणा. मॅटी नसेल तर तागाचं गोणपाट, दाभण आणि लोकर घ्या. उलट आधी गोणपाटावरच शिका. त्याची भोकं मोठी, चूक लगेच दिसते.

सरळ रेघ सोपी. खरी कसोटी लागते फांदी आल्यावर. समजा तुम्हाला झाड काढायचंय. मधे बुंधा, दोन्ही बाजूंना फांद्या. कुठून सुरुवात करायची, म्हणजे दोरा न तोडता, पाठीवर लांब उड्या न मारता सगळं पुरं होईल?

एसटीचा रस्ता धरा. मुक्कामाची गाडी मोठ्या रस्त्यानं निघते. फाटा आला की आत वळते, आतल्या गावाला जाऊन त्याच वाटेनं परत फाट्यावर येते आणि मग पुढं निघते. तसंच करा. बुंध्यावरून धावदोऱ्यानं वर चला. फांदी आली की आत शिरा, टोकाला जा, तिथून मोकळ्या जागा भरत परत बुंध्यावर या. ती फांदी पुरी झाली. मग पुढची. शेंड्याला पोचल्यावर सगळ्या फांद्या भरलेल्या असतील आणि बुंधा मात्र अर्धवट. आता परतीचा प्रवास, बुंध्याच्या मोकळ्या जागा भरत सरळ खाली. जिथून निघालात तिथंच गाडी डेपोत!

परतताना एक लक्षात ठेवा. आधीच्या टाक्याच्या एका अंगानं सुई वर काढा आणि पुढच्या टाक्याच्या दुसऱ्या अंगानं खाली घाला, दर वेळी तसंच. नाहीतर रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते. माझी पहिली चार झाडं बाभळीची झाली होती!

काळा दोराच गायब!

जुन्या काळ्या भरतकामाचं एक दुर्दैव आहे. संग्रहालयांत अशी कापडं आहेत, की ज्यांच्यावरचा काळा दोरा झडून गेलाय. उरलीत ती सुईची भोकं आणि कडेला अडकलेले चार तंतू.

असं का झालं? याचं उत्तर जुन्नर-आंबेगावच्या मुलांना सहज सापडेल, कारण ते सह्याद्रीच्या कुशीतल्या झाडांवर लागतं. हिरडा! पश्चिमेकडच्या डोंगराळ गावांत किती तरी कुटुंबं बाळहिरडा गोळा करतात, वाळवतात आणि विकतात. हिरड्यात टॅनिन नावाचा तुरट पदार्थ असतो. जीभ ओढल्यासारखी होते ना, ती त्याच्यामुळेच. टॅनिनला लोखंड भेटलं की काळा रंग होतो. युरोपात हिरडा नव्हता, तिथं ओक झाडावरच्या गाठींतून टॅनिन मिळवायचे, पण युक्ती तीच. रंग सुरेख काळा यायचा. पण त्यातलं लोखंड हळूहळू रेशमालाच खायचं. रंगानंच दोरा खाल्ला म्हणा ना!

हा काळा रंग घरी करता येतो. चार-पाच सुके हिरडे ठेचून पेलाभर पाण्यात रात्रभर भिजवा. एका वाटीत थोडं व्हिनेगर घेऊन त्यात गंजलेले खिळे तीन-चार दिवस ठेवा, वर घट्ट झाकण लावू नका. पांढरा सुती दोरा आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवून वाळवा, मग खिळ्यांच्या पाण्यात बुडवा. डोळ्यांदेखत दोरा करडा, मग काळपट होतो. (आईबाबांना सोबत घ्या. खिळ्यांचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि शाळेचा गणवेश लांब ठेवा. तो डाग निघत नाही, हे मी अनुभवानं सांगतेय.)

दोराच उरला नसेल, तर नक्षी कशी समजायची? भोकं मोजून! जुने टाके परत जिवंत करण्याचा छंद असणारी माणसं जगभर आहेत. ती भिंग घेऊन कापडाची पाठ तपासतात, कागदावर चौकटी आखून भोकं मांडतात आणि मग सुई घेऊन करून बघतात. जमलं नाही की उसवतात, परत करतात. इंग्लंडच्या जॅकी केरी या बाईंनी त्या काळची अस्सल भरतकामं पुढून-मागून निरखून एक एक टाका उलगडला आणि २०१२ साली त्यावर पुस्तकच काढलं. अमेरिकेत प्लिमथ इथल्या संग्रहालयानं २००७ मध्ये चारशे वर्षांपूर्वीच्या घाटाचं एक भरतकामाचं जाकीट नव्यानं करायला घेतलं. दोनशेहून अधिक हौशी माणसं त्यासाठी सुई घेऊन बसली! सोन्याचा मुलामा दिलेली तार आणि रेशीम एकत्र पिळून केलेला दोरा त्याला हवा होता. बाजारात तो मिळेना, तेव्हा तोही मुद्दाम तयार करवून घेतला.

आणि बॅक्टनची गोष्ट तर सांगायलाच हवी. इंग्लंडातल्या या खेडेगावच्या चर्चमध्ये भरतकामाचं एक जुनं कापड काचेत बसवून भिंतीवर लावलेलं होतं. तज्ज्ञांनी ते तपासलं आणि त्यांना वाटू लागलं, की हे तर एलिझाबेथ राणीच्या पोशाखाचं कापड! पोशाख कापून, तुकडे जोडून त्याचं वेदीवरचं वस्त्र केलेलं. २०१९ साली ते लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात लोकांना दाखवलं. पुढून रंग उडालेले, पण उजेड न लागलेल्या मागच्या बाजूला दोरे अजून झगझगीत! पाठ बघा म्हणणारी माझी आजी आठवली. आणि हसूही आलं. जुन्या कपड्याचे तुकडे जोडून नवं वस्त्र, म्हणजे राणीच्या झग्याचीही शेवटी गोधडीच झाली की!

विलायती टाका कशाला?

हे सगळं आमच्याकडे सांगत होते, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी मला फटकारलं. "अगं, बाबू गेनूच्या तालुक्यात विलायती भरतकाम कसलं शिकवतेस?"

प्रश्न अगदी बरोबर होता. बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. मुंबईत गिरणी कामगार होता. परदेशी कापडाविरुद्धच्या आंदोलनात, १२ डिसेंबर १९३० रोजी, विलायती कापड घेऊन जाणारा ट्रक अडवायला तो काळबादेवीत रस्त्यावर आडवा झाला. ट्रक थांबला नाही. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचंच नाव आहे. आणि ज्या कंपनीच्या मागोमाग पुढं इंग्रजांचं राज्य आलं, त्या ईस्ट इंडिया कंपनीला सनद कुणी दिली होती? ३१ डिसेंबर १६०० रोजी, याच एलिझाबेथनं!

मी काय उत्तर द्यावं? थोडा वेळ सुचलंच नाही. मग म्हटलं, बाबू गेनूनं अडवला तो ट्रक. त्यातलं कापड यायचं म्हणून इथल्या हातांचं काम जायचं. आम्ही विकत काहीच आणत नाही. गोणपाट आपलं, हिरडा आपला, धावदोरा तर आजीचाच. त्यांनी मान हलवली. पूर्ण पटलं असं वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः आणून दिले मूठभर हिरडे!

आता तुमचं काम. एक वीतभर रुंद, हातभर लांब कापड घ्या. त्यावर येतील तेवढे टाके एकेक ओळ घालत जा. असं नमुन्याचं कापड तेव्हा टाक्यांची वही म्हणून वापरायचे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात जेन बॉस्टॉक नावाच्या बाईचं असं कापड आहे. तिनं त्यावर स्वतःचं नाव आणि १५९८ हे साल भरलंय. वर्षाचा आकडा घातलेलं ब्रिटनमधलं सगळ्यात जुनं कापड ते हेच. ॲलिस ली नावाची एक मुलगी १५९६ साली कोणत्या दिवशी जन्मली, तेही भरलंय. वार मंगळवार, वेळ दुपारची! एवढ्या एका ओळीमुळे ती मुलगी आज आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा नाव आणि साल विसरू नका. आणि अर्धं कापड आजीसाठी मोकळं ठेवा. तिला येणारा प्रत्येक टाका तिथं तिच्याच हातानं घालून घ्या आणि ती त्याला जे नाव देईल, तेच शेजारी भरा. पुस्तकातलं नको.

आता परत माझ्या गोधडीकडे. केरीबाईंसारखं मीही भिंग घेऊन बसले. पुढून वेणी. पाठीवर मात्र नुसत्या उभ्या, आखूड रेघा, एकीशेजारी एक. म्हणजे मागच्या बाजूला दोरा दर वेळी सरळ खाली उतरतोय, तिरपं जे काय चाललंय ते पुढच्या बाजूला. गोणपाटावर तीन संध्याकाळ खटपट केली. उसवून उसवून सुतळीचा भुगा झाला. तिसऱ्या दिवशी जमलं! तळातून वर यायचं, दोन घरं पुढं तिरपं वर जायचं, मागून सरळ खाली उतरायचं. मग एक घर मागं तिरपं वर, परत मागून सरळ खाली. दोन पुढं, एक मागं. वेणी आपोआप पडत जाते.

चारही बाजू आता मला येतात. कोपरा मात्र येत नाही. आजीची वेणी कोपऱ्यावर न तुटता वळते, माझी तिथं फाटते. पाठीवर त्या जागी सात रेघा आहेत, त्यांतल्या दोन आडव्या. कुठली आधी आणि कुठली नंतर, ते अजून सुटलेलं नाही.